दादाला विचारा

मी विकी बोलतोय. नावावरून कुणाचा तरी लाडका भाचा वाटेन, पण मी आहे एका टीमने आपल्यापुरत्या लिहून ठेवलेल्या माहितीच्या पानांचा ढीग. ही टीम शीतगृहांच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर बनवते. ज्याला जे सुचलं ते त्याने माझ्यात कोंबलं. एकजण "उद्या पूर्ण करतो" असं लिहून नोकरीच सोडून गेला. आवरायला कुणी फिरकलं नाही.

आणि एके दिवशी साहेबांनी फर्मान काढलं, "विकी गिऱ्हाइकांसाठी खुला करा. सोमवारी वेबसाइट दिसली पाहिजे." झालं! घरच्या कपड्यांत लोळत असताना दारात पाहुणे यावेत, तशी माझी गत झाली.

टीमसाठी माहितीपुस्तिका लिहिणारी लेखिकाताई कामाला लागली. पासवर्ड, कुरबुरी, दोन-चार शिव्या तिने खरवडून काढल्या. खरी डोकेदुखी वेगळीच होती. यंत्र बंद पडलं? दादाला विचारा. तापमान चढतंय? दादाला विचारा. जिथे माणूस अडणार, नेमकं तिथे हेच लिहिलेलं! दादा म्हणजे टीममधले सर्वांत जुने इंजिनिअर.

साहेबांनी तोड काढली, "तिथे 'तज्ज्ञांशी संपर्क साधा' असं घाला." मी कपाळ बडवून घेतलं असतं, पण कपाळ आणू कुठून? माल सडायला लागल्यावर गिऱ्हाइकाने तज्ज्ञ कुठे शोधायचा?

ताई दादांच्या टेबलापाशी गेली. "दादा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

"लिहून काय कळतंय? ज्याला गरज असेल तो येईल माझ्याकडे."

"अख्खं जग येणार आहे का इथे?"

दादा मख्खपणे चष्मा पुसत राहिले. असा संताप आला मला! ताई मात्र खुर्ची ओढून बसली ती उठेचना.

शेवटी दादा हळूच म्हणाले, "सगळं विकीत गेलं, तर मला कोण विचारणार गं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. ताई म्हणाली, "प्रत्येक पानाखाली शंका विचारायची जागा ठेवते. शंका थेट तुमच्याकडे येतील." मग दादा जे बोलायला लागले, ते थांबेचनात.

आता मी जगासाठी खुला आहे. लोक येतात, वाचतात, यंत्र सुरू करतात आणि निघून जातात. इतकं नीट लिहिलंय की शंका कुणालाच येत नाही. दादा सकाळपासून वाट बघतात आणि कंटाळले की माझेच स्वल्पविराम इकडचे तिकडे करत बसतात. जीव नकोसा केलाय माझा! वाचकहो, हात जोडतो. सगळं समजलं तरी एखादी शंका काढाच.