गजाच्या डोक्यावरची रेघ

वाचकहो, सिंगापुरातील एका फ्रेंच गज-कारागिराच्या कार्यशाळेत गतवर्षी एका शुक्रवारी, सकाळी अकरा ते दुपारी चार या अवधीत जे घडले, ते मी येथे यथामती निवेदन करीत आहे. त्यात माझाही अपराध आहे. तो मी वगळणार नाही.

सेरंगून येथे दुकानांच्या रांगेवर, दुसऱ्या मजल्यावर रेमी गोदारसाहेब व्हायोलिनचे गज घडवितात. गज म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसविलेली ती काठी, जी तारांवरून ओढली असता स्वर निर्माण होतो. साहेबांचे वय अडुसष्ट. जन्म फ्रान्सच्या मिरकूर गावचा, आणि विद्याही तेथलीच. मी सावंतवाडीचा, लाकडी खेळणी करणाऱ्या घराण्यातला; शिक्षण आठवीपर्यंत. सात वर्षांपासून साहेबांपाशी आहे. काठी ते घडवितात, केस मी बांधतो. आमचे बोलणे इंग्रजीत चालते; येथे ते मराठीत दिले आहे.

त्या दिवशी धैर्यशील सबनीस कन्या उल्का हिच्यासह धापा टाकीत जिना चढून आले. ते जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावर इंजिनियर आहेत. दुपारी तीन वाजता उल्काची संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशाकरिता वादन-परीक्षा होती. तिचा गज साहेबांच्याच हातचा होता.

"मनोहरभाऊ, हा सैलच होत नाही हो! स्क्रू शेवटपर्यंत फिरवला, तरी केस ताठच्या ताठ," सबनीस मला म्हणाले.

"ठेवला कुठे होता?"

"कॅमेऱ्याच्या ड्राय कॅबिनेटमध्ये, आतली हवा कोरडी ठेवतं ना ते. इथे सगळ्याला बुरशी धरते, म्हटलं परीक्षेआधी आठ दिवस नीट राहील."

"लेन्सच्या शेजारी गज कोण ठेवतं ला!" उल्का इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावून म्हणाली. "मी विचारलं तर म्हणाले, इंजिनियर मी आहे की तू?"

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. घोड्याचा केस दमट हवेत लांबतो व कोरड्या हवेत आखडतो. सबब या शहरात केस बांधताना थोडी सूट, म्हणजे वाढीव लांबी, ठेवावी लागते, हा साहेबांचा दंडक. मागील महिन्यात उल्काच्या गजाला नवे केस मीच बांधले होते. हवा ओलसर होती, गिऱ्हाइके खोळंबली होती, आणि मी ती सूट ठेवली नाही. गज हाती घेताच हे मला उमगले.

साहेबांनी स्क्रू पुरता बाहेर काढला. केस धरून ठेवणारा मुठीकडचा काळा ठोकळा टणकन सुटला. त्यांनी काठी डोळ्यांसमोर धरून न्याहाळली, अंगठ्याने चाचपली.

"सरळ आहे. वाचली. मनोहर, नवे केस बांध. एक वाजता तयार."

उल्काने बापाचा दंड दाबला. सबनीस हसले.

मी काठी दिव्याखाली धरली. गजाच्या टोकाला, ज्यास आम्ही डोके म्हणतो, त्याच्या मानेशी एक रेघ होती. केसाहून बारीक.

"साहेब, येथे चीर आहे."

"ती लाकडाची शीर आहे."

"शीर अशी आडवी जात नाही, साहेब."

"लाकूड मी निवडलं, मी तासलं. आठवी पास मला लाकूड शिकवणार? की माझे डोळे गेले म्हणायचंय तुला?"

सत्य हे की, त्यांचे डोळे अधू झाले होते. मला ठाऊक होते, त्यांना ठाऊक होते, आणि ते गिऱ्हाइकासमोर उच्चारावयाचे नव्हते. गप्प राहिलो तर तो गज ऐन परीक्षेत तिच्या हातात मोडणार. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून त्या जागी फिरविला आणि काठी त्यांच्यापुढे ठेवली. क्षणार्धात सर्व लाकूड वाळले. ती एक रेघ मात्र काळी, ओली राहिली. साहेबांनी भिंग घेतले. ते त्यांनी त्या रेघेवरून दोनदा फिरविले.

मग ते सबनीसांवर कडाडले, "माझा गज मारलात तुम्ही! त्या पेटीत!"

सबनीसांनी मान खाली घातली. तेव्हा मी बोललो.

"अर्धा अपराध माझा आहे, साहेब. केस आखूड मी बांधले होते. सूट असती, तर गज सैल झाला असता, मानेवर एवढा ताण आला नसता."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझी नोकरी आता गेली, असे मी धरून चाललो.

"शिव्या नंतर देईन," साहेब म्हणाले. "वाजले किती?"

"बारा वाजून पाच."

त्यांनी कपाटातून एक नवी काठी काढली. त्याच मापाची, जवळजवळ तेवढ्याच वजनाची, तीन महिन्यांच्या श्रमाची. केस अद्याप लागले नव्हते. "ही घेऊन जाऊ दे तिला. बांध. आणि या वेळी घाई केलीस तर बोटं तोडीन."

मी केसांची जुडी विंचरली, दोरा आवळला, पाचरी तासल्या. पहिली पाचर सैल निघाली. दुसरी बसताना ठोकळ्याचा लाकडी काठ करकरला. परंतु काठ टिकला. उल्का कोपऱ्यात उभी राहून रिकाम्या हाताने हवेत गज ओढीत होती. सबनीस दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत.

"बाबा, तुम्ही बाहेर जाऊन कॉफी प्या ना," ती म्हणाली. "तुमच्याकडे बघून माझाच हात कापतोय."

या खेपेस मी सूट ठेवली. एक वाजून पन्नास मिनिटांनी राळ लावून गज तिच्या हाती दिला. तिने एक लांब स्वर ओढला.

"थोडा जड आहे, काका. पण तार धरून ठेवतो." आणि ती पळाली.

त्यानंतर साहेबांनी तो जुना गज उचलला व त्याच्या डोक्यावर अंगठ्याचा किंचित भार दिला. डोके तुटून टेबलावर पडले. त्याचा आवाजही फारसा झाला नाही.

"हे तिथे झालं असतं," ते म्हणाले, आणि ते तुकडे माझ्यापुढे सरकवून, "उद्यापासून काठीची शेवटची तपासणी तू करायची. मी नाही."

चारच्या सुमारास फोन आला. उल्का होती. "काका, मधे एकदा सूर चुकला. गजामुळे नाही, माझ्यामुळे." तिचा श्वास अजून लागलेला होता. मी इंग्रजीत सांगताच साहेब भिंतीकडे वळून उभे राहिले.

महिन्याने तिला प्रवेश मिळाल्याचे कळले.

हे सर्व मी पाहिले तसे लिहिले आहे; भाषेत उणे आढळल्यास ते माझ्या शाळेचे नव्हे, माझे समजावे. आपण इथवर सोबत केलीत, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
मनोहर गणपत चितारी
सेरंगून, सिंगापूर