माजी पुरोहिताला जेवणाचं आमंत्रण

देव नाही, हे अंतिम सत्य मधुसूदन फर्दापूरकरला गारखेड्यातल्या एका वास्तुशांतीत, ऐन होमाच्या धुरात उमगलं. असं सत्य उमगलं की माणसं राजवाडे सोडतात, अरण्यात जातात, गेलाबाजार जागेवरून उठून उभी तरी राहतात. मधुसूदनने पूर्णाहुती दिली, सगळ्या आरत्या म्हटल्या, पुरणपोळी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि तांदूळ, नारळ, सुपाऱ्या पिशवीत भरून तो घरी आला.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं. दमयंतीने आधी पिशवी रिकामी केली.

"नसेल तर नसू दे," ती म्हणाली. "पण उद्यापासून नारळ कुठून आणायचे?"

प्रश्न रास्त होता. त्या घरात लग्नापासून नारळ विकत आणला गेला नव्हता. पुढचे काही महिने दमयंतीने नवऱ्याची समजूत काढून पाहिली, मग त्याच्याशी बोलणं कमी केलं, मग पुण्याला लेकीकडे, मनस्विनीच्या बाळंतपणासाठी गेली. बाळ आता चालायला लागलं होतं. दमयंती अजून तिथंच होती.

सोयगावहून धाकट्या भावाचा, बद्रीनाथचा फोन आला. मधुसूदनला वाटलं, आता हा रडणार, वडिलांचं नाव काढणार.

"दादा, तुझं नास्तिकपण तुझ्याजवळ," बद्रीनाथ म्हणाला. "पण गारखेड्यातली यजमानांची घरं मी धरू का? का दुसऱ्या कुणाला दिलीस?"

घरं बद्रीनाथने धरली. मधुसूदनला औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर तपासायचं काम मिळालं. त्यामुळे देवांशी संबंध अगदीच तुटले नाहीत. ते शुद्धलेखनापुरते उरले.

तुटलं ते वेगळंच. भिक्षुकी करताना वर्षातले निम्मे दिवस तो लोकांच्या घरी जेवायचा. कुणाचा फ्रिज कुठं आहे, कुणाची सून कुणाशी बोलत नाही, सगळं त्याला ठाऊक असायचं. त्या माणसांशी आपली ओळख आहे, असं तो इतकी वर्षं समजत होता. धोतर सोडून पँट घातल्यावर तीच माणसं क्रांती चौकात सिग्नलला शेजारी उभी राहायची आणि समोर बघायची. त्यांनी टाळलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी ओळखलंच नव्हतं.

क्रांती चौकाजवळ चष्म्याच्या दुकानाच्या वर एक खोली होती. तिथं दर रविवारी संध्याकाळी विवेक मंडळाची सभा भरायची. देव न मानणाऱ्या लोकांचं मंडळ आहे, एवढं ऐकून मधुसूदन एका रविवारी जिना चढला आणि मागच्या खुर्चीवर बसला. ओळख करून देताना तो म्हणाला, "मी आधी भटजी होतो." खोलीत असा आनंद पसरला, जणू मुलगा झाल्याची बातमी आली असावी.

मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र सर पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी मधुसूदनला पुढं बोलावून त्याची कहाणी सांगायला लावली. टाळ्या पडल्या. दर महिन्याला नवे सभासद आले की पुन्हा तीच कहाणी. तिसऱ्या वेळी सरांनी सुचवलं, "मधुसूदनजी, तो होमाचा धूर जरा आधी घ्या. आणि पुरणपोळीचं गाळा. परिणाम कमी होतो."

त्याने पुरणपोळी गाळली. कहाणी सांगून झाली की लोक खुर्च्या रचायचे, गाड्यांना किक मारायचे, "चला, भेटू" म्हणायचे आणि आपापल्या घरी जायचे. कुणाच्या तरी घरी आपण जावं, कुणीतरी "बसा, चहा टाकते" म्हणावं, टीव्ही चालू असावा, पोरं भांडत असावीत आणि आपल्याकडे कुणाचं विशेष लक्ष नसावं, एवढीच मधुसूदनची इच्छा होती. पण ती नास्तिक मंडळाच्या सभेत ठराव म्हणून मांडता येण्यासारखी नव्हती.

जिन्याखालच्या टपरीवर चहाला थांबायचा तो एकटा मोईन. त्याचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान होतं. घरी त्याने अजून काही सांगितलं नव्हतं. ईदला अब्बांबरोबर नमाजला जायचा आणि रविवारी इथं यायचा.

"दोनों जगा हाजरी लगती मेरी," तो म्हणायचा. "भटजी, तुम्हाला घरी न्यायला पाहिजे एकदा. पण अब्बा पूछेंगे, ये साहब कहाँ मिले? काय सांगू? देव नाही तिथं भेटले?"

"बॅटरी घ्यायला आले म्हण."

"मग बॅटरी घ्यावी लागंल. अब्बा सोडणार नाय तुम्हाला."

आणि एका गुरुवारी राजेंद्र सरांचा फोन आला.

"मधुसूदनजी, रविवारी सकाळी घरी या. जेवायलाच या."

मधुसूदन छापखान्यात जागेवरून उठून उभा राहिला. "घरी? जेवायला?"

"हो, हो. जरा लवकर या. आठपर्यंत. निवांत."

आठ वाजता जेवायला बोलावण्यात काही विचित्र आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. भटजीला लोक आठलाच बोलावतात. त्याने नवा शर्ट घेतला. मग त्याला प्रश्न पडला, की पाहुणा म्हणून जाताना न्यायचं काय असतं? आयुष्यभर तो लोकांच्या घरून काहीतरी घेऊन निघाला होता. तो मिठाईच्या दुकानात गेला.

"पूजेला पाहिजे का?" दुकानदाराने सवयीने विचारलं.

"नाही. मी पाहुणा म्हणून चाललोय," मधुसूदन म्हणाला.

"असं का," दुकानदार म्हणाला आणि त्याने अर्धा किलो इमरती बांधली.

रविवारी ज्योतीनगरात सरांचं दार उघडलं तेव्हा समोर चौरंग होता. चौरंगाच्या चारी कोपऱ्यांना केळीचे खांब होते. मधुसूदनने ते बघितलं, हातातला डबा बघितला आणि पुन्हा खांब बघितले. सर त्याला दंडाला धरून गॅलरीत घेऊन गेले.

"आईसाठी," ते हळू आवाजात म्हणाले. "मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं तर सत्यनारायण करीन, असं बोलली होती ती. ऑपरेशन नेमकं नीट झालं. आता बाहेरचा भटजी आणला तर उद्या गावभर होईल, मंडळाच्या अध्यक्षांकडे पूजा. तुम्ही आपले आहात. आपल्यातलं आपल्यातच राहील."

"सर, मी सोडलंय ते."

"तेच तर! तुम्ही मानत नाही, मी मानत नाही. म्हणजे तत्त्वतः इथं काहीच होणार नाहीये."

मधुसूदन खाली रस्त्याकडे बघत राहिला. तसंच निघून गेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर पुष्कळदा वाटलं. पण आतून फोडणीचा वास येत होता.

"सर, तुम्ही जेवायला बोलावलंत ना मला?"

"अहो, अर्थात!"

"मग करतो. पण जेवायला तुमच्याबरोबर टेबलावर बसणार. भटजी म्हणून नाही."

"अर्थात! अर्थात!" सर म्हणाले आणि त्यांनी कपाटातून एक कोरं धोतर काढलं. मधुसूदन जरा घुटमळला.

"जानवं नाहीये माझ्याकडे."

"आणलंय," सर म्हणाले.

पूजा झाली. आपण विसरलो असू अशी मधुसूदनला आशा होती, पण तोंड आपोआप चालू लागलं. संकल्पाच्या वेळी त्याने विचारलं, "गोत्र?" जातपात आठवतसुद्धा नाही असं दर सभेत सांगणारे सर, "वसिष्ठ," असं प्रश्न संपायच्या आतच म्हणून गेले. सरांच्या पत्नी निशाताईंनी त्यांच्याकडे चमकून बघितलं. सर अक्षतांकडे बघत राहिले. पाचही अध्याय झाले. आजी भिंतीला टेकून, हात जोडून, नव्या डोळ्यांनी सगळं नीट बघत होत्या. इमरतीचा डबा कुणीतरी नैवेद्य म्हणून चौरंगावर ठेवला होता.

स्वयंपाकघराशेजारी टेबल मांडलेलं होतं. ताटं होती, वाट्या होत्या, पाण्याचे पेले होते. मधुसूदन हात धुऊन आला आणि त्याने एक खुर्ची ओढली.

"अगं बाई, टेबलावर काय?" आजी म्हणाल्या. "निशा, पाट मांड. आधी ब्राह्मण जेवू दे. त्याच्या आधी कुणी घास घ्यायचा नाही."

मधुसूदनने सरांकडे बघितलं. सर गॅलरीतल्या कुंडीकडे बघत होते.

"आजच्या दिवस," ते म्हणाले. "प्लीज."

पाट मांडला गेला. ताटाभोवती निशाताईंनी रांगोळी काढली. मधुसूदन बसला. घरातले सगळे बाजूला अदबीने उभे राहिले. अळूची भाजी होती. ती गिळताना होणारा आवाज त्याचा त्यालाच ऐकू येत होता.

"सर, तुम्हीही बसा ना खाली," तो म्हणाला.

"नाही, नाही. तुमचं होऊ द्या. सावकाश."

ताकभातावर आला तेव्हा बेल वाजली. मंडळातल्या डॉक्टर हिमानी आल्या, त्यांचे यजमान मंदार आले, खजिनदार आले, ग्रंथालय बघणारे दोघे आले. सगळ्यांना साडेबाराला जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या बोलण्यावरून कळलं की गेल्या महिन्यात सगळे हिमानींकडे जमले होते. त्याच्या आधी खजिनदारांकडे हुर्डा होता.

"अय्या, काका! तुम्ही?" हिमानी म्हणाल्या आणि नुकत्याच झालेल्या पूजेचा वास, धोतर, पाट, रांगोळी असं सगळं एकदम समोर आल्यामुळे असेल, चटकन वाकून त्यांनी नमस्कार केला.

मधुसूदनचा उष्टा हात ताटात होता. डावा वर गेला. "अखंड सौभाग्यवती भव," तो म्हणाला.

दोघंही गोरेमोरे झाले. मंदारने खोकून घेतलं.

"मोईन येणार आहे का?" मधुसूदनने विचारलं.

"त्याला नाही सांगितलं," सर खालच्या पट्टीत म्हणाले. "आईचं वय बघता."

मग सगळे टेबलावर बसले. सहा खुर्च्या, सहा माणसं. आजींना बसायला निशाताईंनी वेताचा मोडा आणला. कुणीतरी विनोद केला, हशा झाला, निशाताई कुणाला तरी आग्रह करू लागल्या. सोफ्यावर पूजेचं सामान पसरलं होतं, म्हणून मधुसूदन भिंतीशी उभा राहिला. सरांनी एकदा मान वळवली.

"तुमचं झालंच आहे म्हणा," ते म्हणाले. "आणि हो, दक्षिणा वगैरे प्रकार आपण मानत नाही."

मधुसूदनने आतल्या खोलीत जाऊन पँट घातली आणि तो निघाला. "चला, भेटू," सगळे म्हणाले.

दुपारभर तो घरी छताकडे बघत पडला. आता मंडळात जायचं नाही, असं त्याने ठरवलं. पाच वाजता उठून त्याने तोंड धुतलं आणि तो मंडळात गेला. रविवारी संध्याकाळी जायला दुसरी जागा नव्हती.

जिन्याच्या वर कुलूप होतं. पायरीवर मोईन बसला होता.

"आज मीटिंग नाय," खालून कडुबा वॉचमन ओरडला. "ते सर बोलले, सगळे दुपारीच भेटले म्हून."

मोईनने मोबाईल पुढं केला. ग्रुपवर निरोप होता. 'सर्व सभासदांची भेट दुपारीच झाल्यामुळे आजची सभा रद्द.' मधुसूदनने पूजेसाठी फोन गप्प केला होता, तो तसाच राहिला होता.

"सर्व सभासद म्हणे," मोईन म्हणाला. "भटजी, सर के घर कुछ था क्या?"

मधुसूदन त्याच्या शेजारी पायरीवर बसला. खोटं बोलता आलं असतं.

"सत्यनारायण होता."

"काय सांगता! केला कोणी?"

"मी."

मोईनने त्याच्याकडे बघितलं. मग तो हसायला लागला आणि बराच वेळ हसत राहिला. हसता हसता त्याने एकदा डोळे पुसले. मधुसूदनला हसू आलं नाही, पण कुणीतरी शेजारी हसतंय हे त्याला बरं वाटलं.

"तुला बोलवायला पाहिजे होतं त्यांनी," तो म्हणाला.

"जाऊ द्या. तुम्हाला बोलावलं ना, काय फायदा झाला?" मोईन उठला, पँट झटकली. "चला घरी. अम्मी-अब्बा जालन्याला गेलेत, शादी में. आज कोणी विचारणार नाय."

"घरी? आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघता? आम्लेट करतो मस्त. अंडं चालतं ना?"

"माहीत नाही. कधी खाल्लं नाही."

मोटारसायकलवरून दोघं रोशन गेटला गेले. मोईनने कुलूप उघडलं, दिवा लावला, "बसा" म्हणाला. मधुसूदन बसला. कुणी उभं राहिलं नाही, कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. आत मोईन भांड्यांचा आवाज करत होता, अम्मी मीठ कुठं ठेवते म्हणून स्वतःशीच कुरकुरत होता. त्याने कांदा चिरला, मिरच्या चिरल्या, चार अंडी फोडून फेटली. मग तवा ठेवला आणि शेगडीचं बटण फिरवलं.

गॅस संपला होता.