गिळलेली ओळ

स्वराज्य आलं त्या साली भागीरथी वाचायला शिकली. तोवर तिची लेक लग्न होऊन सासरी गेली होती. शिकवणारा नवराच, दामाजी. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरात दिवसभर मीठ ओढून यायचा आणि हातपाय धुतले की पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तिच्यापुढे सरकवायचा. ओळ चुकू नये म्हणून ती खराट्याची हीर ओळीखाली धरायची. तरी एखादी सुटायचीच. दामाजीला सगळं पाठ. ओळ सुटली की मिटल्या डोळ्यांनीच तो भुईवर बोट आपटायचा.

"बये, जेवली नव्हतीस काय? ओळ गिळलीस!"

"एवढं येतंय तर तुम्हीच वाचा की."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मग एका पावसाळ्यात ताप त्याच्या डोक्यात गेला. जीव वाचला, पण माणूस परत आला नाही. त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. भागीरथी दर रविवारी जायची, तो भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा.

आता त्याच्या कामामुळं मिळालेली मिठागराची खोलीही सोडायची होती. तिला न्यायला तिचा भाऊ काळुराम कल्याणहून आला होता.

"बाय, तो तुला वळखत नाय. कुणासाठी बसतेस इथं?"

"आज त्यांनी ओळखलं तर याच गावात कुठंतरी पडून राहीन. नाहीतर तू म्हणशील तिथं येते."

काळुराम इस्पितळाच्या फाटकाशी थांबला. ती आत गेली, दामाजीच्या शेजारी फरशीवर बसली आणि शास्त्रातलं यशया संदेष्ट्याचं पान उघडून हीर धरली. आईला एक वेळ पोटच्या लेकराचा विसर पडेल, इथवर तिनं वाचलं. पुढच्या ओळीत देवाचा शब्द होता, की मी मात्र तुला विसरणार नाही. तिनं मुद्दाम हीर खाली सरकवली आणि ती ओळ सोडून पुढलं वाचू लागली.

मग थांबली. दामाजीचं बोट मांडीवर होतं. खारानं भेगाळलेलं, ओळखीचं बोट. ते हललं नाही.

"अहो, गिळली मी," ती म्हणाली. "ओळ गिळली."

तो भिंतीकडे बघत राहिला.

दामाजी विसरला, हे डोळ्यांना दिसत होतं. देव विसरला नाही, हे कुठं दिसत होतं? शोधून तिला सापडेना. पण ओळ छापलेली होती आणि ती सोडून पुढं जायला दामाजीनं तिला कधी शिकवलं नव्हतं. तिनं हीर वर सरकवली. अक्षरं जोडून ती ओळ वाचली.

फाटकाशी काळुरामनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. बोचकं उचलून तो चालू लागला.

"काळू," ती मागून म्हणाली, "कल्याणहून इकडं यायला रविवारी सकाळी पहिली गाडी किती वाजता सुटते रे?"