फील्डवर्कचा मांडव

ऐका, देवेशची गोष्ट सांगायची तर आधी हे माहीत पाहिजे की फील्डवर्कमध्ये कोणी नापास होत नाही. बी.एस.डब्ल्यू.ला लोक समाजशास्त्रात नापास होतात, इंग्रजीत तर रांगेने होतात, पण फील्डवर्क म्हणजे काय, शनिवारी पाड्यावर जायचं, लोकांशी बोलायचं, कोरा चहा प्यायचा आणि रविवारी रिपोर्ट लिहायचा. यात नापास व्हायला अंगात काहीतरी खास लागतं. देवेशच्या अंगात ते होतं.

पहिल्या वर्षी त्याने काय केलं, तर भर एप्रिलमध्ये, जिथे बाया पार खालच्या विहिरीवरून पाणी वाहून आणतात अशा पाड्यावर, हात धुण्याचं प्रात्यक्षिक घेतलं. पोरं खूश, एकेक जण दोन-दोनदा हात धुतोय. दोन हंडे संपले. तिसऱ्याला देवेशने हात घातला तेव्हा एका बाईने तो हंडा उचलला, घरात नेला आणि दार लावून घेतलं. देवेशने रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘लोकांमध्ये स्वच्छतेविषयी उदासीनता आढळली.’ नयना मॅडमनी खाली लाल पेनाने नुसतं एक प्रश्नचिन्ह काढलं. मोठं. आणि फील्डवर्क परत.

देवेशचे बाबा, प्रल्हादराव, डहाणू रोडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात. त्यांच्या जगात दिवा लाल असतो, नाहीतर हिरवा. मुलगा काय शिकतो, असं क्वार्टर्समध्ये कोणी विचारलं की त्यांचा आवाज खाली जायचा.

“समाजकार्य.”

“म्हणजे गणपतीचं मंडळ?”

“नाही हो. डिग्री आहे त्याची.”

“त्याची पण आहे?”

असं दोन-तीनदा झाल्यावर त्यांनी देवेशला जेवताना सांगून टाकलं, “हे बघ, यंदा परत लाल आला ना, की बोईसरला रेल्वे भरतीचा क्लास. मी बोलून ठेवलंय.”

आणि गंमत ही की देवेशला हे खरंच शिकायचं होतं. आला होता तो मार्कांमुळे, बारावी सायन्सने त्याला दाराबाहेर ठेवलं म्हणून, पण आल्यावर त्याला ते आवडलं, लाज वाटावी इतकं आवडलं. त्याला कोणाचंतरी भलं करायचं होतं. कोणाचं, आणि त्या माणसाला ते हवंय का, असले प्रश्न त्याला पडायचे नाहीत, एवढीच काय ती अडचण.

तर दुसरं वर्ष. पालघर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती तरी देवेश रिपोर्टवर सवयीने ‘जि. ठाणे’च लिहायचा. या वेळी त्याला पाडा मिळाला तलासरीतला, आणि जोडीला मुक्ता. मुक्ता बोर्डीची, आई-वडील दोघंही शिक्षक, त्यामुळे समोरच्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय तिला घास उतरत नाही. देवेश डहाणूहून एसटीने तलासरी नाक्यावर उतरायचा, मुक्ता बोर्डीहून स्कूटी घेऊन यायची, आणि मग पुढे ती, मागे हा, मांडीवर तिची बॅग, असे दोघं पाड्यावर.

काम सोपं होतं. तलासरीत एक संस्था दर उन्हाळ्यात सामुदायिक विवाह लावते. पाड्यांवर बरीच जोडपी एकत्र राहतात, संसार चालू, पोरं शाळेत, आणि लग्न सवडीने, जमेल तेव्हा. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण सरकारी कागदावर बायकोचं नाव चढवताना अडतं. म्हणून अशा जोडप्यांशी बोलायचं, ऐकायचं. नयना मॅडमनी बजावून सांगितलं होतं, “देवेश, मला गर्दी नको, बॅनर नको. मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी स्वतः येणार. एक, फक्त एक जोडपं, माझ्यासमोर स्वतःहून म्हणालं पाहिजे की आम्हाला लग्न लावायचंय. तू नाही बोलायचं. ते बोलतील. नाहीतर मी काही करू शकणार नाही.”

एक जोडपं! देवेशला वाटलं, दुपारच्या आत होईल.

पहिल्या शनिवारी तो सुनिता आणि मिथुनच्या अंगणात बसला. दोघांना दोन पोरं, धाकटी कमरेवर. देवेश कायदा बोलला, वारसा बोलला, रेशनकार्ड बोलला. मिथुन शेवटपर्यंत विळ्याची मूठ बसवत होता.

“मग काय ठरवता, मिथुनभाऊ?”

“बघू,” मिथुन म्हणाला.

दुसऱ्या शनिवारी भिकी आणि सुक्याकडे. “बघू.” तिसऱ्या शनिवारी सगळ्यांनी मिळून, “बघू ना.” कोणी नाही म्हणेना. नाही म्हटलं असतं तर निदान ‘विरोधाची कारणे’ असं एक पान तरी भरलं असतं.

मग देवेशला आठवलं की वर्गात आपल्याला रोल-प्ले शिकवलाय. कोरडं सांगू नका, करून दाखवा. तो मुक्ताला म्हणाला, “आपण जोडपं होऊ.”

मुक्ताने स्कूटीला ब्रेक मारला. “काय?”

“समजा गं! समजा आपण सहा वर्षं एकत्र राहतोय. लग्न नाही. घरच्यांनी टाकलंय. उद्या मला काही झालं तर तुझं काय होणार?”

“सुटका होईल,” मुक्ता म्हणाली. पण मार्क तिलाही हवे होते.

चौथ्या शनिवारी वडाच्या सावलीत प्रयोग लागला. देवेश उभा राहिला, म्हणाला, “समजा, मी आणि मुक्ता...” आणि सुरू. पण पाड्यावर काही नाटकाची वेळ पाळून कोणी बसत नाही. कोणी गवताचा भारा टाकून येतंय, कोणी पाण्यावरून येतंय. पाड्यावरची थोरली बायजी आजी, भिकी, सुनिता, सगळ्या आल्या त्या नेमक्या ‘समजा’ होऊन गेल्यावर. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की स्कूटीवाला पोरगा मधोमध उभा राहून सांगतोय, “माझ्या बापाने मला घराबाहेर काढलं! हिच्या आईने हिचं तोंड बघायचं नाही असं ठरवलंय! आम्हाला कोणी नाही!” आणि रडायची जागा आली तेव्हा देवेशने डोळे मिटून बोईसरच्या क्लासचा विचार केला, आणि काय सांगू तुम्हाला, घळाघळा पाणी. मुक्तासुद्धा बघत राहिली. बायजीने पदराने नाक पुसलं.

देवेश तरंगतच घरी आला. पुढच्या शनिवारी परत तोच प्रयोग, लोकाग्रहास्तव म्हणे. लोकांचा आग्रह कोणी ऐकला नव्हता, पण देवेशला तो दिसला होता. त्या दिवसापासून पाडा बदलला. बायजी त्याला नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी बळेच वाढायची, वर “खा रे पोरा, खा,” करून पाठीवरून हात फिरवायची. सुक्याने पिशवीभर चिकू दिले. भिकीने मुक्ताला बाजूला घेऊन विचारलं, “मारतो का?”

“कोण?”

“यो.”

“हा? हा काय मारणार, मावशी! याला डास मारता येत नाही.”

“बेस,” भिकी म्हणाली आणि समाधानाने निघून गेली. मुक्ताला वाटलं, मावशी गंमत करतेय. रात्री देवेशने रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘समुदायाशी नाते अत्यंत घट्ट झाले आहे.’

शेवटचा शनिवार उजाडला. तोवर एकही जोडपं हो म्हणालं नव्हतं. देवेश नाक्यावर उतरला तेव्हा त्याचं तोंड असं की चहावाल्याने पैसे मागितले नाहीत. नयना मॅडम रिक्षाने मागून येणार होत्या. मुक्ताने स्कूटी पाड्याच्या वळणावर घेतली, आणि देवेश मागच्या मागे उभाच राहिला.

“बस खाली! पडशील!”

“मुक्ता... मांडव!”

खरंच. बायजीच्या अंगणात हिरव्या डहाळ्यांचा मांडव. अंगण शेणाने सारवलेलं, मधे पिठाने काढलेला लग्नाचा चौक, पाट्यावर कोणीतरी हळद वाटतंय. आणि एका बाजूला तानी आजी, धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी गाऊन लग्न लावणारी, ती गुडघ्यावर हात ठेवून गळा साफ करतेय. देवेशच्या छातीत असं काही भरून आलं! कुणाचं ठरलं? मिथुनचं? सुक्याचं? आता विचारून कशाला मोडता घालायचा? तेवढ्यात मॅडमची रिक्षा आली. देवेश धावत गेला.

“मॅडम, बघा! लोकसहभाग! मी काहीच नाही केलं, सगळं लोकांनी केलं!”

हे त्याचं त्या वर्षातलं सगळ्यात खरं वाक्य होतं, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

मॅडम खाटेवर बसल्या. त्यांनी चष्मा वर सरकवला, आणि देवेशला त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू दिसलं. त्याने मनातल्या मनात बाबांना हिरवा सिग्नल दाखवला. तेवढ्यात बायजी हळदीची वाटी घेऊन उठली, मिथुनला ओलांडून गेली, सुक्याला ओलांडून गेली, देवेशसमोर आली आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड माखून टाकलं. कपाळ, गाल, कान, कानाच्या मागे.

“आजी! आजी, मला नाही! नवरदेवाला!”

“मग कोनाला लावतेय?”

तिकडे बायांनी मुक्ताला धरून आणलं. मुक्ताचा आवाज पार रस्त्यापर्यंत, “देवेश! हे काय चाललंय देवेश!” तानी आजीने गाणं सुरू केलं.

“आज हळद इथं,” बायजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, “मंग लगीन तलासरीला, तू सांगतोस तसं. बापाने टाकला म्हणून काय झालं रे? आमी हाव ना. मीच तुझी आय.”

“आणि मी हिची,” भिकी म्हणाली.

“तुमचं झालं की आमचं बघू,” मिथुन मागून म्हणाला. “दर हप्त्याला आमाला सांगतोस, सोताचं तेवढं रायलं. म्हनून आमी थांबलेलो.”

देवेशने मॅडमकडे पाहिलं. हसू गेलं होतं. मॅडमनी हळूच विचारलं, “देवेश, तुझ्या वडिलांनी तुला कधी टाकलं?”

“नाही टाकलं, मॅडम.”

“मुक्ता?”

“मी सांगितलं होतं याला, मॅडम! मी म्हणाले होते, परत परत ‘समजा’ म्हण!”

गाणं थांबलं. कसं सांगायचं? देवेशने पुस्तकातला एकही शब्द न वापरता सांगायचा प्रयत्न केला आणि त्याला कळलं की त्याच्याकडे दुसरे शब्द फारसे नाहीत. “ते... सोंग होतं, आजी. आम्ही जोडपं नाही. नुसते एका वर्गात आहोत. तुम्हाला समजावं म्हणून केलं.”

बायजीने हळदीचे हात तसेच हवेत धरले होते. भिकी पुढे आली.

“म्हंजे रडलास ते खोटं?”

अख्ख्या वर्षात देवेशला कोणी इतका नीट प्रश्न विचारला नव्हता. तो पाटावर बसला. हळद डोळ्यात गेली होती.

“रडलो ते खरं. कारण दुसरं होतं.”

“काय कारन?”

“मी नापास होणारा मुलगा आहे. या मॅडम आहेत ना, यांच्यासमोर आज एक जोडपं बोललं नाही तर मी नापास, आणि मग बाबा मला कॉलेजातून काढणार. मला तुमच्या लग्नाचं... म्हणजे होतं, तुमचंही वाटत होतं. पण जास्त माझं वाटत होतं.”

आता सुनिता हसली. आधी नाकातून, मग पोटातून, कमरेवरची पोरगी हलेपर्यंत. मग मिथुन हसला, मग सुक्या, मग तानी आजी तर गाण्याच्या जागी खोकल्यासारखं हसायला लागली. एकटी बायजी हसली नाही. तिने हात पदराला पुसले. “भाकऱ्या खाल्ल्यास इतक्या,” ती म्हणाली.

“हो आजी.”

“एकदा तरी सांगायचं.”

“हो आजी.”

सुनिता त्याच्यासमोर येऊन बसली. “मंग आदी का नाय इचारलंस, आमी ‘बघू’ का म्हनतो ते?”

नव्हतं विचारलं. इतके शनिवार तो नुसता सांगत होता.

“माझ्या भनीचं लगीन तसंच झालं, तलासरीला,” सुनिता म्हणाली. “वळीत बसवलं, माइकवर नावं घेतली, हार घातले, जेवान झालं, घरी. चांगलं झालं, कागूद पन मिळाला. पन तानी आजीचं गानं नाय. ती म्हनते, ताई, माझं लगीन झाल्यासारखं वाटत नाय. मला तानी आजीचं गानं पायजे. मंग कागदावर अंगठा म्हन, सही म्हन, कायपन घ्या.”

मिथुनने मान वर केली. “हे तू मला कंधी सांगितलंस?”

“तू तरी कंधी इचारलंस?”

देवेशला त्या क्षणी मिथुनबद्दल इतका बंधुभाव वाटला की विचारू नका.

“हळद आज आणि गाणं आज, इथेच अंगणात,” मुक्ता मधेच म्हणाली, अर्धा गाल पिवळा, “आणि सही त्या दिवशी तलासरीला. असं चालतं की. नाही का मॅडम?”

मॅडम म्हणाल्या, “मला काय विचारतेस?”

मुक्ताने वळून सुनिताला विचारलं. सुनिताने मिथुनकडे पाहिलं. मिथुनने मांडवाकडे पाहिलं, डहाळ्या पहाटे त्यानेच तोडून आणलेल्या, आणि मग तो मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. “मॅडम, आमाला लगीन लावायचंय. मांडव हाय, हळद हाय. ह्यांच्यावर वाया कशाला घालायची?”

मग बायजी उठली, देवेशकडे न बघता वाटी घेतली आणि सुनिताच्या गालाला हळद लावली. तानी आजीने गाणं पहिल्यापासून धरलं. सुनिताच्या धाकटीने वाटीत हात घालून देवेशच्या शर्टाला पुसला. नंतर बायजीने सगळ्यांना भाकरी वाढली, देवेशलाही वाढली, पण या वेळी ‘खा रे पोरा’ म्हणाली नाही. ती भाकरी त्याला बराच वेळ चावावी लागली.

निघताना मॅडम रिक्षात बसता बसता म्हणाल्या, “रिपोर्टमध्ये जे झालं तेच लिही. भाकरीसकट. पास करते, पण पुढच्या वर्षी याच पाड्यावर येशील. ती बाई पुन्हा ‘खा’ म्हणेपर्यंत.”

पास! देवेशला एसटीत बसायला जागा मिळाली नाही ते त्याला डहाणू आल्यावर कळलं. वाटेत सगळे वळून वळून बघत होते, एका काकूंनी तर त्याला जागा द्यायला नवऱ्याला उठवायचा प्रयत्नही केला होता, पण त्याला वाटलं, यश चेहऱ्यावर दिसत असणार. क्वार्टर्सच्या जिन्यात शेजारचे काका आपले भिंतीला चिकटून उभे राहिले.

दार बाबांनी उघडलं. त्यांनी पिवळं कपाळ पाहिलं, पिवळे कान पाहिले, शर्टावरचा इवलासा पिवळा हात पाहिला.

“बाबा!” देवेश म्हणाला. “झालं एकदाचं!”

प्रल्हादरावांनी दाराची चौकट धरली आणि आवाज खाली आणून विचारलं, “कोणाशी?”