गोठ्यातली हिलमन

हिलमन मोटार विकायची जाहिरात मी दिली खरी, पण तिला गिऱ्हाईक मिळेल असं मला वाटत नव्हतं. व्यवहारातली कामं माझ्या हातून होत नाहीत. कुंभार पिंपळगावच्या शाळेत मी मराठी शिकवलं, निवृत्तीनंतर वाचनालय सांभाळलं. शेती, बैल, बाजार हे सगळं धाकटा भाऊ बद्रीनाथच पाहत आला.

आमचे चुलते काकासाहेब यांनी ही विलायती मोटार हैदराबादेहून आणली होती. त्यांच्या हयातीतच ती बंद पडली आणि गोठ्याच्या एका अंगाला उभी राहिली. घरात माणसं फार, आवाज फार. म्हणून दुपारी मी तिच्या मागच्या सीटवर बसून वाचू लागलो. पुढे द्वारकाबाई, माझी पत्नी, सूप घेऊन शेजारी येऊन बसायची. तिला वाचता येत नव्हतं. ती डाळ निवडायची, मी मोठ्यानं वाचायचो. कंटाळली की म्हणायची, "झाडापानाचं ऱ्हाऊ द्या, त्या पोरीचं पुढं काय झालं ते सांगा." मी पानं गाळून पुढचं सांगायचो.

ती गेली, त्यानंतर मला त्या गाडीचं दार उघडवलं नाही.

बद्रीला ट्रॅक्टर घ्यायचा होता आणि त्याला जागा हवी होती. माझ्याकडे पाहून तो वर्षभर गप्प राहिला. मग एकदा जेवताना म्हणाला, "दादा, दसऱ्याला ट्रॅक्टर येऊन राह्यलाय. गाडी भंगारात घालू. जालन्याला एमआयडीसीत भट्टीत गेली की सळ्या होतेत तिच्या."

त्याचं चुकत नव्हतं. पण ते दार, ती सीट वितळून कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाणार, हे मनात आलं आणि मी ताट सरकवलं. मला एवढंच हवं होतं की ती अशा माणसाकडे जावी जो तिला पुन्हा चालवील. मी पाहायला नसलो तरी चालेल. दसऱ्यापर्यंतची मुदत मी मागून घेतली.

आणि जाहिरात वाचून औरंगाबादहून देवानंद साळवे यांचा फोन आला. कारखान्यात इंजिनिअर, सुटीच्या दिवशी जुन्या गाड्या दुरुस्त करायचा त्यांना नाद. त्यांची फसवणूक होऊ नये म्हणून मी आधी सगळे दोषच सांगितले. बंद आहे, गंजलेली आहे, उंदरांनी सीट कुरतडली आहे.

ते हसले. "काका, मला तशीच पाहिजे. फक्त मूळचं सगळं जागेवर आहे ना? इंजिन, डायल, बंपर, कंपनीचे बिल्ले?"

"कुणी हात लावलेला नाही."

"मग झालं. हे भाग आता मिळत नाहीत. ते असले तर दोन वर्षांत चालवून दाखवतो."

त्यांना वाट दाखवायला मी आदल्या दिवशीच जालन्याला गेलो. निघताना बद्रीला म्हणालो, "माणूस पाहायला येतोय, गाडी जरा नीट असू दे." कोंबड्या हाकलाव्यात, वरची चिपाडं काढावीत, एवढंच माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी साळव्यांच्या जीपमधून आम्ही परत आलो. वाटेत त्यांनी विचारलं, "तुम्ही किती फिरलात हिलमनमधून?"

"फिरलो नाही. वाचलं फक्त."

अंगणात वळलो आणि मला ती ओळखू आली नाही. उन्हात लालभडक गाडी उभी होती. बॉनेटवर झेंडूचा हार, पुढे फोडलेला नारळ. शेजारी धुतलेल्या धोतरात बद्री.

"या साहेब. चारी बाजूनं बघा," तो म्हणाला. "एक ऐब दिसायचा न्हाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बैल बाजारात न्यायचा तर बद्री आधी त्याची शिंगं साळतो, हिंगूळ लावतो, अंगाला तेल चोळतो. खोड असेल ती गिऱ्हाईकाला दिसू देत नाही. त्यानं हिलमनला बाजारासाठी तयार केलं होतं.

साळव्यांनी बॉनेट उचललं. आत जमीन दिसत होती.

"इंजिन कुठंय?"

"काढलं. शेजारच्या तातेरावच्या ट्रॅक्टरला साखळी लावून वढलं. बंद इंजिन पोटात ठिवून कोण घेईन, साहेब? पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन बसवा, बराबर बसतंय."

डायलच्या भोकांत सिमेंट भरून वर रंग दिला होता. बंपर नव्हते, बिल्ला नव्हता.

"गंजेल समदं कालच भंगाराच्या टेम्पोत जालन्याला गेलं," बद्री म्हणाला. "आन् सीट जाळली. उंदराची पिल्लं निघाली तिच्यात. ही बघा, नवं रेक्झिन."

साळव्यांनी एसटीडीवरून भंगारवाल्याला फोन लावला. मी शेजारी उभा होतो. माल सकाळीच भट्टीत पडला होता.

परत आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "मी रागावलो नाही, काका. पण आता हा नुसता पत्रा आहे. मी काय चालवू?" चहा पिऊन, बद्रीला नमस्कार करून ते गेले. दाराला हात लागला होता, त्यांच्या तळव्याला लाल रंग तसाच होता.

"काय म्हनले?" बद्रीनं विचारलं. "भाव जास्ती वाटला का? मी बोलतो की."

त्याच्या नखांत लाल रंग होता. कंबर धरून उभा होता. ही गाडी भंगारात घाला म्हणणारा माणूस माझ्यासाठी तिच्याखाली लोळला होता.

"घेणार आहेत," मी म्हणालो. "थोडा वेळ लागेल."

तो हसला. "मंग? माल दाखवावा लागतो, दादा. तुमच्यावर सोडलं असतं तर तुम्ही उंदरं मोजून दाखवले असते."

दसऱ्याला ट्रॅक्टर आला. तो अंगणात ताडपत्रीखाली उभा आहे, कारण गाडी बद्रीनं पुन्हा गोठ्यात ढकलून ठेवली आहे आणि सौदा झालेला माल तो हलवू देत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, दादाची गाडी औरंगाबादला चालली. खरं सांगायला मी दोनदा त्याच्यापर्यंत गेलो आणि बैलांचं काहीतरी विचारून परत आलो. एकदा पुस्तक घेऊन त्या नव्या सीटवरही बसून पाहिलं. रेक्झिनचा वास येत होता. पहिली ओळ मोठ्यानं वाचली, पुढची वाचता आली नाही.

काल बद्री वाचनालयाच्या दारात आला. हातात रंगाचा डबा होता.

"दादा, गोठ्यातल्या धुळीनं रंग फिका पडून राह्यला. दिवाळीत सुट्टी असंल साहेबाला. त्यो यायच्या आधी आणिक एक हात मारून ठेवू का?"

"ठेव," मी म्हणालो.