पाच अंगठे

सकाळी दादाचा कॉम्प्युटर मुका झाला.

दादाला दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर त्याच्या कानात वाचून दाखवणारा प्रोग्राम आम्ही काही जण हौसेने, फुकट, आपापल्या घरून लिहितो. तो कोणीही वापरावा, कोणीही सुधारावा. त्याच्याच जोरावर दादाला दवाखान्यात फोन घ्यायची नोकरी लागली होती, अजून कच्चीच. आज नवी आवृत्ती आपोआप उतरली आणि आवाज गेला. दादाला पडद्यावरचं काही कळेना, पेशंट हॅलो हॅलो करत बसले.

"उद्याही असंच झालं तर दुसरा माणूस बघू म्हणाले," दादाने फोनवर सांगितलं.

माझं डोकं सणकलं. हातातलं काम टाकून मी सगळ्यांना कॉलवर बोलावलं.

नव्या आवृत्तीतला बदल आमच्यातल्या मास्तरांचा होता. ते म्हणाले, "मी लिहिलं. चालवून बघायचं काम तपासणाऱ्याचं."

तपासणारा चष्मिश म्हणाला, "मी कोड वाचला, बरा वाटला, अंगठा दिला. चालवून बघायचं, तो बदल प्रोग्राममध्ये आत घेणाऱ्याने."

आत घेणारा म्हणजे आमचा म्होरक्या. "खाली पाच अंगठे होते. मला वाटलं, कोणीतरी चालवलंच असेल."

बदल पटला की त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकायचं, ही आमची रीत. आपला अंगठा म्हणजे नुसतं वाचलं, दुसऱ्याचा म्हणजे चालवून बघितलं, असं प्रत्येकाने सोयीने धरलेलं.

"म्हणजे कोणीच चालवलं नाही," मी म्हटलं.

"अगं ताई," म्होरक्या म्हणाला, "आपल्या नव्या मशीनवर सगळं चालतंच. जुन्यावर बिघडलं की तुझा दादा कळवतोच की. फार नेमकं सांगतो तो."

हे त्याने कौतुकाने म्हटलं, म्हणून जास्त झोंबलं.

"नोकरी त्याची जाणार, आणि चाचणी तुमची होणार?" माझा आवाज चढला. "उद्यापासून जो बदल आत घेईल, त्याने जुन्या मशीनवर, पडदा बंद करून, नुसत्या कानाने चालवायचा. जमत नसेल त्याने आत्ताच निघावं."

कोणी निघालं नाही. कोणी हो म्हणालं, असंही नाही.

मी तो बदल उपटून फेकला, जुनी आवृत्ती परत सोडली आणि तणतणतच दादाला फोन लावला. "उतरवून घे. झालं नीट."

"तू चालवून बघितलंस?"



"फोन ठेवू नकोस," मी म्हटलं, आणि माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढायला स्टूल ओढलं.