पहिली मूठ विमलची

"यंदा हुळा नाही," नरहरकाकांनी फोनवर सांगून टाकलं. "घरात गमी झालीय. वर्ष होईपर्यंत शेतावर काही करायचं नाही."

मी फोन आपटला आणि पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरमधून निघून सरळ काकांच्या शेताकडे जाणारी मंडीदीपची बस पकडली. गमी म्हणे. गेली ती विमल, माझी चुलत बहीण, काकांची एकुलती एक लेक. पावसाळ्यात काविळीनं गेली. आणि दरसाल हरभऱ्याचा हुळा भाजायला आम्हा सगळ्यांना शेतावर ओढून नेणारी तीच. आता तिच्याच नावानं तो बंद? मला नाही चालणार.

लहानपणी कारखान्याला सुट्टी असली की टाउनशिपमधून आमची वरात शेतावर. हिरवा हरभरा मुळासकट उपटायचा, काटक्यांच्या जाळावर टाकायचा, घाटे काळे पडले की तळहातावर चोळायचे. पहिली मूठ काकांची, मग बाकी पुरुषांची, मग पोरांची. भाजायला मात्र लीलाकाकू, विमलची आई. धुरानं डोळे लाल करून घ्यायची आणि शेवटी राखेत उरलंसुरलं शोधत बसायची. एकदा विमलनं पहिली मूठ सरळ स्वतःच्या तोंडात टाकली. काकांनी मुस्काटात दिली. कार्टी थुंकली नाही. जीभ पोळलेली, डोळ्यांत पाणी, तरी चावत काकांकडे बघत राहिली. त्या दिवसापासून माझा तिच्यावर भारी जीव, खोटं कशाला बोलू.

रिटायर झाल्यापासून काका-काकू शेतावरच राहतात. मी पोचले तेव्हा दोघं ओट्यावर बसली होती. मी कुणाला विचारलं नाही. हरभरा उपटला, ओट्यासमोरच जाळ केला.

"प्रतिभा, तुला काही कळतं का?" काका म्हणाले.

"कळतं. तुम्हाला गप्प बसून दुःख करायचंय ना, करा. मला ती इथं, या जाळापाशी आठवते. मी भाजणारच."

"लोक काय म्हणतील?"

"माझं नाव सांगा लोकांना."

घाटे काळे पडले. मी चोळले, फुंकर घातली. काकांचा हात सवयीनं पुढे आला. त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. मी मूठ दिली नाही.

"ही विमलची," मी म्हटलं.

काका हात मागे घेईनात. तेवढ्यात काकू उठली. जन्मात पुरुषांआधी घास न घेतलेली बाई. पदर खोचून समोर येऊन बसली, काकांचा हात हळूच खाली केला आणि आपली ओंजळ पुढे धरली.

"माझ्या लेकीची मूठ मला दे."

"थांब काकू, पोळेल."

ती थांबली नाही. दाणे तोंडात टाकले आणि चावत काकांकडे बघत राहिली.

मग काका उठले आणि हरभऱ्याची एक जुडी उपटून जाळावर टाकली. आयुष्यात कधी भाजलेलं नव्हतं, त्यामुळे नुसता धूर झाला.